सर्रास सापडणारा नेपच्यूनचा पेला

कार्यक्रम ऐकता ऐकता कुणी भांडी घासत असाल, तर हातातला स्पंज एकदा नीट बघून घ्या. आजची गोष्ट त्याच्याच पूर्वजांची आहे.

सुरुवात सेम्बावांगपासूनच करू. आई भारतातून महिनाभरासाठी आली होती. ओहोटीची वेळ बघून आम्ही तिघी, म्हणजे आई, मी आणि माझी आठ वर्षांची लेक, सेम्बावांग पार्कच्या किनाऱ्यावर गेलो. सिंगापूरमध्ये नैसर्गिक म्हणावेत असे किनारे फार थोडे उरले आहेत. त्यातला हा एक. पलीकडे जोहोर दिसते, एका बाजूला ब्रिटिशांच्या नाविक तळाच्या काळातला जुना धक्का, आणि पाणी ओसरले की दगड उघडे पडतात. एका दगडाच्या पोटाशी नारिंगी रंगाचा, बोटभर जाडीचा थर चिकटलेला होता. त्यावर बारीक बारीक भोके.

"आजी, हात लावू नकोस हं," लेक म्हणाली. "तो स्पंज आहे. तो प्राणी असतो."

आई खाली वाकून बघत राहिली. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई ती. मग म्हणाली, "स्पंज म्हणजे आमचा पाटी पुसायचा? पत्र्याच्या डबीत ओला करून ठेवायचा तो?"

"हो, पण हा जिवंत आहे."

"अगं बाई! मग आम्ही काय प्राण्याने पाटी पुसत होतो?"

आम्ही हसलो. पण प्रश्न काही खोटा नव्हता. घरी आल्यावर मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता गोष्ट सेम्बावांगहून निघून मुंबईच्या तलावांपर्यंत पोचली. तीच आज सांगते.

आधी आईच्या प्रश्नाचे उत्तर. स्पंज हा प्राणीच. पण त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. मोठा झाला की तो जागचा हलतही नाही. मग तो जगतो कसा? पाण्यावर. त्याच्या अंगावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी आत शिरते. आतल्या पोकळ्यांमध्ये खास पेशी असतात. प्रत्येक पेशीला एक कॉलर आणि चाबकासारखा एक तंतू. असे लाखो तंतू सतत हलत राहतात आणि पाणी पुढे ढकलतात. पाण्यातले जिवाणू आणि अन्नकण ह्या कॉलरपेशी टिपून घेतात आणि गाळलेले पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर पडते. एक स्पंज दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळू शकतो. आपल्या घरातल्या फिल्टरला विजेची तार लागते, ह्याला तीही लागत नाही.

अंगाला आधार म्हणून बहुतेक स्पंजांमध्ये सुईसारखे सूक्ष्म काटे असतात, काहींचे वाळूतल्या सिलिकाचे, काहींचे चुन्याचे. काही जातींमध्ये काटे नसतातच. त्यांचा सांगाडा स्पाँजिन नावाच्या मऊ, चिवट तंतूंचा असतो. आंघोळीला वापरायचा खरा समुद्री स्पंज म्हणजे ह्या दुसऱ्या प्रकारातला. प्राणी मेला, मऊ भाग कुजवून धुऊन काढला, की उरते ती तंतूंची जाळी. तीच पाणी शोषते. म्हणजे जुन्या काळी ज्यांनी खऱ्या स्पंजाने पाटी पुसली, त्यांनी प्राण्याच्या सांगाड्याने पुसली. आईच्या डबीतला तुकडा बहुधा कारखान्यातल्या फोमचा असणार. पण त्याचे नाव आणि काम, दोन्ही समुद्रातूनच आले.

गंमत अशी की हा प्राणी आहे हे ठरवायला माणसाला फार वेळ लागला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते की, स्पंज उपटायला गेले तर तो अंग आखडतो असे लोक म्हणतात. तरी पुढे कित्येक शतके कुणी त्याला वनस्पती म्हटले, कुणी अर्धवट काहीतरी. १८२५ च्या सुमारास एडिनबर्गच्या रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाचा लहानसा तुकडा पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याच्या भोकातून कारंज्यासारखे पाणी सतत बाहेर उसळताना त्यांना दिसले. पुढे ग्रँट यांनीच ह्या सबंध गटाला 'पोरिफेरा' हे नाव दिले. म्हणजे अंगावर भोके असणारे. आपल्याकडच्या शाळेत शिकलेल्यांना तो 'रंध्रीय संघ' म्हणून आठवत असेल.

शास्त्रज्ञ वाद घालत असले तरी घराघरात स्पंज केव्हाच पोचला होता. होमरच्या महाकाव्यात मेजवानीची मेजे स्पंजाने पुसल्याचा उल्लेख आहे. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरची माणसे पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुड्या मारून स्पंज काढत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणबुड्यांचा पोशाख आला, त्यात वरून नळीने हवा मिळू लागली. माणसे जास्त खोल जाऊ लागली, जास्त वेळ थांबू लागली. मात्र वर कसे यायचे, किती सावकाश यायचे, ह्याचे ज्ञान तेव्हा नव्हते. कित्येक तरुण लुळे होऊन परतले, कित्येक परतलेच नाहीत. श्रीमंतांच्या न्हाणीघरातल्या मऊ स्पंजाची ही किंमत होती. १९०५ च्या सुमारास ह्या बेटांवरचे पाणबुडे अमेरिकेत फ्लोरिडाच्या टार्पन स्प्रिंग्जला जाऊन वसले, आणि तिथे आजही ग्रीक वस्ती आहे. आपला धंदा, आपले देव आणि आपले जेवण बरोबर घेऊन परदेशी गेलेली माणसे. आपल्याला ओळखीचीच.

औषधातही स्पंज होता. गळ्याला गलगंड झाला तर युरोपात भाजलेल्या स्पंजाची राख देत. गुण का येतो हे कुणाला माहीत नव्हते. १८११ मध्ये आयोडीनचा शोध लागला आणि १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे गलगंडावर थेट आयोडीन देऊ लागले, तेव्हा उलगडा झाला. समुद्राच्या पाण्यातले आयोडीन स्पंज साठवतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी होमिओपॅथीच्या साबुदाण्याच्या गोळ्यांची पेटी होती, त्यांना खोकल्यावरची 'स्पोंजिया' आठवत असेल. तिचे नाव ह्या भाजलेल्या स्पंजावरूनच पडले.

महाराष्ट्रातल्या घरांत मात्र आंघोळीला समुद्री स्पंज क्वचितच आला. आपल्याकडे अंग घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि टाचेला वज्री. आईने घोसाळ्याची ती जाळी ह्या वेळीही बॅगेतून आणली होती. दिसायला स्पंजच, पण ती वनस्पती. तेव्हा गोंधळ होणे साहजिक आहे.

आता सिंगापूरकडे येऊ. रॅफल्स इथे आले १८१९ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२२ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत एक छोटासा लेख आला. लेखक थॉमस हार्डविक, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातले अधिकारी आणि निसर्गाचे वेडे. लेख होता सिंगापूरच्या किनाऱ्यालगत सापडणाऱ्या एका अजस्र स्पंजावर. आकार पेल्यासारखा, खाली दांडा आणि वर रुंद वाटी. लॅटिन नावात त्यांनी 'पटेरा' हा शब्द घातला. पटेरा म्हणजे पसरट पात्र. पुढे १८५८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या श्लेगेल यांनी ह्याच स्पंजाला रोमनांच्या समुद्रदेवाचे नाव दिले आणि तो 'नेपच्यूनचा पेला' म्हणून प्रसिद्ध झाला. पेला म्हणायला, नाहीतर ह्याची उंची आणि रुंदी मीटरभराच्या पुढे जाते. लोक त्यात तान्ह्या बाळांना आंघोळ घालत, असेही सांगतात.

हार्डविक यांच्या त्या लेखाच्या शीर्षकातल्या एका शब्दाशी मी थांबले. शीर्षकाचा अर्थ असा: सिंगापूर बेटाच्या किनाऱ्यांवर सर्रास सापडणाऱ्या एका प्राण्याचे वर्णन. सर्रास. हा शब्द लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

सिंगापूरचा स्पंज असा कलकत्त्याच्या पानांवर आला. पुढच्या पाव शतकात कंपनीच्या आणखी एका बंदरात दुसरा एक माणूस स्पंजांच्या नादी लागला. ते बंदर म्हणजे आपली मुंबई. माणसाचे नाव हेन्री जॉन कार्टर, मुंबई सैन्यातले डॉक्टर. त्या काळच्या मुंबईत आणखी एक डॉक्टर हेन्री कार्टर होते, 'ग्रेज ॲनॅटमी' ह्या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रे काढणारे. ते वेगळे. आपले कार्टर समुद्राच्या स्पंजांकडे वळले ते नंतर. मुंबईत त्यांनी पाहिले ते गोड्या पाण्यातले स्पंज, तलावांतले.

गोड्या पाण्यात स्पंज असतो हेच आपल्यातल्या अनेकांना नवे असेल. मलाही होते. तेव्हाची मुंबई तलावांवर पाणी पिणारी होती. पाऊस पडला की तलाव भरायचे, चैत्र-वैशाखात तळ दिसायचा. पायऱ्यांच्या दगडांवर, बुडालेल्या काटक्यांवर राखाडी, पांढरट, कधी हिरवट असा खरखरीत थर धरायचा. शेवाळ म्हणून कुणीही सोडून दिले असते. कार्टर यांनी तो घरी आणला, भिंगाखाली धरला आणि १८४८-४९ मध्ये मुंबईच्या तलावांतल्या स्पंजांवर लेख लिहिले. चार-पाच जातींचे बारकाईने वर्णन केले. त्यातल्या एकीला पुढे, १८६३ मध्ये, बोअरबँक ह्या इंग्रज अभ्यासकाने कार्टर यांचेच नाव दिले. 'कार्टेराय' हे नाव आजही वापरात आहे, आणि भारतात गोड्या पाण्यात नेहमी सापडणाऱ्या स्पंजांपैकी तो एक आहे.

कार्टर यांना सगळ्यांत जास्त गुंतवले ते एका प्रश्नाने. मेमध्ये तलाव कोरडा पडतो, स्पंज उन्हात वाळून भुगा होतो, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच दगडावर नवा स्पंज. हा येतो कुठून? उत्तर त्या भुग्यातच होते. मरण्याआधी स्पंज आपल्या अंगात खसखशीच्या दाण्यासारख्या गोळ्या तयार करतो. वर कठीण कवच, आत जपून ठेवलेल्या जिवंत पेशी. ऊन, कोरड, सगळे सोसून त्या तशाच पडून राहतात. पाणी आले की कवचाच्या एका भोकातून पेशी बाहेर सरपटतात आणि दगडाला चिकटून नवा स्पंज उभा करतात. कार्टर ह्या गोळ्या काचेच्या लहान वाटीत पाण्यात ठेवून, त्यांतून स्पंज उगवताना बघत बसायचे. मोठ्या खर्चाची प्रयोगशाळा नव्हती. काचवाटी, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी, बस.

स्पंजाच्या पेशी किती चिवट असतात हे पुढे १९०७ मध्ये अमेरिकेतल्या एच. व्ही. विल्सन यांनी दाखवले. त्यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, पाणी गढूळ दिसू लागले. आणि थोड्या वेळाने त्या सुट्या पेशी सरकत सरकत एकमेकींना चिकटू लागल्या. त्यांतून पुन्हा स्पंज तयार झाला.

इतका चिवट प्राणी. मग नेपच्यूनच्या पेल्याचे काय झाले?

तो संपत आला. युरोपातल्या संग्रहालयांना आणि हौशी संग्राहकांना तो हवाच होता. इतका मोठा, इतका देखणा, आणि किनाऱ्यालगत सर्रास मिळणारा. काढत गेले, पाठवत गेले. जिवंत पेला पाहिल्याची जुनी शेवटची नोंद १९०८ ची, तीही पश्चिम जावाजवळची. सिंगापूरच्या समुद्रात तो दिसेनासा झाला. मधल्या काळात ह्या बेटाचा आकारही बदलला. समुद्रात भराव घालून घालून सुमारे ५८० चौरस किलोमीटरचे सिंगापूर ७३० च्या पुढे गेले. इथे सेम्बावांगलाच १९३८ मध्ये नाविक तळाची मोठी सुकी गोदी उघडली, पुढे तिथे जहाजदुरुस्तीचा कारखाना आला. बंदर वाढले, माणसे आली, उशिरा का होईना आपणही आलो. पाण्याखालचा पेला नाहीसा झाल्याचे कुणाला जाणवले असेल असे वाटत नाही. सर्रास असणाऱ्या वस्तूचे असेच होते. ती आहे म्हणून कुणी मोजत नाही आणि गेली तरी लगेच कळत नाही.

आणि मग मार्च २०११. दक्षिणेकडच्या सेंट जॉन्स आयलंडजवळ सर्वेक्षणासाठी बुडी मारलेल्या सागरी जीवशास्त्रज्ञांना तळावर एक पेला उभा दिसला. लहान होता, पण जिवंत. तो कोण हे ओळखायला उपयोगी पडली ती १८२२ पासून लिहून ठेवलेली वर्णने आणि संग्रहालयांत जपलेले वाळके नमुने. शंभर वर्षांत ज्याला सिंगापूरमध्ये कुणी जिवंत पाहिले नव्हते, त्याची ओळख कागदाने पटवली. नंतर आणखी मोजकेच पेले सापडले. पण स्पंज हलू शकत नाही. दूर दूर एकेकटे राहिले तर त्यांची पिल्ले होणार कशी? म्हणून त्यांतले काही सिस्टर्स आयलंड्सच्या संरक्षित समुद्रात एकमेकांजवळ नेऊन बसवले. मंडळी, ह्याला मी तरी स्थळ बघून दिल्याचेच म्हणते!

मुंबईत काय झाले? तिथे गोष्ट उलटी झाली. स्पंज टिकला, तलाव गेले. नळाचे पाणी आले, मलेरियाची भीती आली, आणि एकेक तलाव बुजवला गेला. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावे आपण बसच्या पाट्यांवर वाचली, पण तिथे पाणी कुणी पाहिले? गोड्या पाण्यातला स्पंज मात्र महाराष्ट्रात इतरत्र तग धरून आहे. २०१३ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी पुणे परिसरातल्या अशा पाच जातींची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. ज्या नद्यांचे पाणी आपण नाक धरून ओलांडतो, त्या शहराच्या आसपासची ही नोंद आहे.

कुणी म्हणेल, एक स्पंज राहिला काय, गेला काय. आमच्याकडे प्लॅस्टिकचा मिळतो. खरे आहे. भांड्यांसाठी आता समुद्रातल्या प्राण्याची गरज नाही, आणि ते चांगलेच झाले. पण दुसरी गोष्ट ऐका. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन ह्या रसायनशास्त्रज्ञाने कॅरिबियन समुद्रातल्या एका साध्या दिसणाऱ्या स्पंजातून काही अनोळखी रसायने वेगळी केली. स्पंज पळू शकत नाही, चावू शकत नाही, म्हणून तो स्वतःचे रक्षण रसायनांनी करतो. बर्गमन यांना सापडलेल्या रेणूंच्या धर्तीवर पुढे सायटाराबिन हे औषध तयार झाले. १९६९ पासून ते रक्ताच्या कर्करोगावर अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे आणि आजही वापरले जाते. स्तनाच्या कर्करोगावरचे एरिब्युलिन, २०१० मध्ये मान्यता मिळालेले, तेही जपानजवळच्या समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या रेणूवरून घडवलेले. आपल्या ओळखीत, नात्यात, ह्यातले एखादे औषध कुणाच्या तरी शिरेतून गेले असेल. बर्गमन यांच्या आधी तो स्पंज संपला असता, तर काय गमावले हेसुद्धा कळले नसते.

त्या संध्याकाळी हे सगळे मी आईला आणि लेकीला वाचून दाखवले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने लेकीची वही मागितली. शाळेतल्या हजेरीपटावर लिहायची त्याच वळणदार अक्षरात तिने लिहिले: तारीख, सेम्बावांगचा किनारा, ओहोटीची वेळ, दगडाच्या पोटाशी नारिंगी स्पंज, साधारण वीतभर लांब, हात लावला नाही. खाली तिघींच्या सह्या.

"आजी, पण असे स्पंज तर तिथे खूप आहेत," लेक म्हणाली.

"म्हणूनच लिहायचे, बाळा," आई म्हणाली. "खूप आहेत तेव्हाच."

तेव्हा मंडळी, पुढच्या ओहोटीला जमले तर किनाऱ्यावर चक्कर मारा. उपटू नका, तुडवू नका, घरी आणू नका. नुसते बघा आणि तारीख घालून लिहून ठेवा. मराठीत लिहिले तरी चालेल. आणि गावी फोन कराल तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, गावच्या तळ्यात, विहिरीच्या पायरीवर तसा खरखरीत थर कधी पाहिला होता का. उत्तर मिळाले तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.